हिटलरला बहुमत कधी मिळालं होतं? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

सविस्तर लिहिलंत, आभार. तुमचे आक्षेप दोन. हिटलर मतपेटीतून आला, लोकांनीच त्याला बहुमत दिलं, मग ‘सत्ता बळकावली’ कशाला म्हणायचं, हा पहिला. आणीबाणीवरच्या माझ्या लेखात जर्मनीचं कलम ४८ (राष्ट्राध्यक्षांना संकटकाळात हुकूम काढू देणारं) ओढून आणणं ही उगाच दाखवलेली भीती आहे, हा दुसरा. दुसऱ्यात अर्धं तथ्य आहे. पहिल्यात नाही, आणि हा समज फार पसरलेला असल्यामुळे आधी तोच घेतो.

जुलै १९३२ मध्ये नाझींना ३७.३ टक्के मतं आणि राइशस्टागच्या, म्हणजे जर्मन संसदेच्या, ६०८ पैकी २३० जागा मिळाल्या. नोव्हेंबरात ३३.१ टक्के, ५८४ पैकी १९६. म्हणजे हिटलर चान्सेलर (सरकारप्रमुख) होण्याआधीच्या शेवटच्या निवडणुकीत पक्ष घसरणीला लागला होता. ३० जानेवारी १९३३ ला त्याला नेमलं ते राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी, माजी चान्सेलर पापेन यांनी गळी उतरवल्यावर. मंत्रिमंडळात हिटलर धरून नाझी तीनच. गर्दी त्याची, लगाम आपला, असा पापेन मंडळींचा हिशेब. पण त्यांनी डोकी मोजली, खाती नाही. फ्रिककडे देशाचं गृहखातं गेलं आणि गोरिंगकडे प्रशिया या सर्वांत मोठ्या राज्याचं, म्हणजे जवळपास तीन-पंचमांश जर्मनीचे पोलीस. २७ फेब्रुवारीला राइशस्टागची इमारत जळाली, दुसऱ्याच दिवशी कलम ४८ खाली नागरी हक्क स्थगित झाले आणि धरपकड सुरू झाली. एवढं करूनही ५ मार्चला आकडा ४३.९ टक्क्यांवरच अडला.

आता २३ मार्चचा सर्वाधिकार कायदा, संसदेला वगळून सरकारलाच कायदे करू देणारा. त्यासाठी दोन तृतीयांश सदस्य हजर हवेत आणि हजर असलेल्यांपैकी दोन तृतीयांश बाजूने हवेत. एकूण सदस्य ६४७. सगळे आले असते तर ४३२ मतं लागली असती. हिटलर आणि त्याच्या राष्ट्रवादी भागीदारांकडे २८८ अधिक ५२, म्हणजे ३४०. तूट ९२ ची, आणि दोन कॅथॉलिक पक्षांचं मिळून बळही बरोब्बर ९२! म्हणून त्यांना आश्वासनं देऊन वळवलं. दुसरी वाट गैरहजेरीची होती. ८१ कम्युनिस्ट तुरुंगात किंवा भूमिगत होतेच. १२० सोशल डेमोक्रॅट्सनी पाठ फिरवली असती तर उरले असते ४४६, आणखी पंधरा जण घरी बसले की गणपूर्ती कोसळली. ही फट बुजवायला नियमच बदलला : विनापरवानगी गैरहजर राहील तो हजर धरायचा, आणि परवानगी ठरवायची सभापतींनी, म्हणजे गोरिंगने. सभागृहात गणवेशातले एसएचे (नाझींच्या निमलष्करी दलाचे) लोक उभे. निकाल ४४४ विरुद्ध ९४, आणि ते ९४ सगळे सोशल डेमोक्रॅट. याला ‘लोकांनी बहुमत दिलं’ म्हणणं अवघड आहे.

दुसरा आक्षेप. ‘कलम ४८ म्हणजे तिथलं ३५२’ (आपल्या घटनेतलं आणीबाणीचं कलम) हे माझं वाक्य सैल होतं, मागे घेतो. कलम ४८ चे हुकूम रद्द करायचा अधिकार राइशस्टागला होता, पण कलम २५ ने राष्ट्राध्यक्ष राइशस्टागच बरखास्त करू शकत. जुलै १९३० मध्ये नेमकं हेच झालं. सभागृहाने तेव्हाचे चान्सेलर ब्र्युनिंग यांचा आर्थिक हुकूम फेटाळला, त्याच दिवशी सभागृह बरखास्त झालं आणि तो हुकूम थोड्या बदलांनी पुन्हा निघाला. सप्टेंबरच्या निवडणुकीत नाझी १२ वरून १०७ वर गेले. कुलूप तेव्हाच मोडलं होतं. हिटलर उघड्या दारातून आत आला.

इंदिरा गांधींनी १९७७ मध्ये निवडणूक घेतली, हरल्या आणि पायउतार झाल्या. त्यामुळे माणसाची माणसाशी तुलना टिकत नाही, इथे तुमचं बरोबर. पण टप्प्यांची टिकते. १९७५ मध्ये आणीबाणीचं कारण होतं ‘अंतर्गत अशांतता’, ज्यात काहीही बसतं. राष्ट्रपतींची सही २५ जूनच्या रात्री झाली, मंत्रिमंडळाला कळलं दुसऱ्या दिवशी सकाळी. संसदेने मंजुरी दिली तेव्हा विरोधी बाकांवरचे कित्येक जण तुरुंगात होते. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने यातल्या बऱ्याच फटी एकेक करून बुजवल्या : ‘अंतर्गत अशांतते’ऐवजी ‘सशस्त्र उठाव’ हा शब्द, मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय, महिन्याभरात दोन तृतीयांशांची मंजुरी, दर सहा महिन्यांनी ती पुन्हा, आणि कलम २० व २१ ला (शिक्षेबाबतचं संरक्षण आणि जीवित-स्वातंत्र्याचा हक्क) हात नाही. कैदेतल्या सदस्यांच्या मताचं काय, यावर मात्र ती दुरुस्तीही गप्प आहे.

शेवटी तुम्ही विचारलंत, ‘त्या जर्मन कायद्याला चार वर्षांची मुदत होती ना?’ होती. १९३७ आणि १९३९ ला ती एकाच पक्षाच्या राइशस्टागने वाढवली. १९४३ ला तेवढंही लागलं नाही, हिटलरने स्वतःच्याच हुकमाने वाढवली.