पारा आमचा, कौतुक तुमचं

निफाड टीव्हीवर दिसतं ते दोनच वेळा. लासलगावला कांदा पडला की, आणि कुंदेवाडीला पारा पडला की. कांदा पडतो तेव्हा निदान कुणी "मज्जा आहे बुवा तुमची" म्हणायला फोन करत नाही.

परवा पुण्याहून मेव्हण्याचा फोन आला. "दाजी, टीव्हीवर निफाड दाखवतायत, लाट आली म्हणे! शनिवारी येतो आम्ही, शेकोटी-बिकोटी करा." म्हटलं, ये बाबा. शेकोटी द्राक्षबागेच्या बांधावर पहाटे तीनला पेटते, तेवढी धरायला ये. मग कळेल धूर कुणाच्या डोळ्यात जातो ते.

आता आधी कुंदेवाडीचं सांगतो, कारण बऱ्याच जणांना वाटतं की देवानेच थंडीचा ठेका निफाडला दिलाय. तिथे गहू संशोधन केंद्र आहे, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं. गव्हाच्या एनआयएडब्ल्यू वाणांच्या नावातलं 'एनआय' म्हणजे निफाड. त्र्यंबक, तपोवन, नेत्रावती हे सगळे वाण इथलेच. गव्हाला थंडी लागते, म्हणून तिथे रोज तापमान मोजतात. आणि ते मोजतात मोकळ्या शेतात. भोवती ओलिताची जमीन, गोदावरी-कादवाचं सखल खोरं, ना इमारती ना डांबर. रात्री आभाळ निरभ्र असलं आणि वारा पडला की जमीन आपली ऊब झपाट्याने वर सोडून देते आणि जड गार हवा खाली बसते. तुमच्या पुण्यात तरी काय वेगळं आहे? एकाच सकाळी शिवाजीनगरला आणि मगरपट्ट्याला पाच-सहा अंशांचा फरक असतो. मग 'पुण्याचं तापमान' म्हणजे नक्की कुणाचं?

हे मी हुशारीने बोलतोय, पण शिकलो ते स्वतःची फजिती करून घेऊन.

आमच्या अण्णांना नोंदी ठेवायची सवय. कालनिर्णयच्या चौकोनात दूधवाल्याचा हिशेब, म्हैस कधी लागली, मोटार कधी जळाली, आणि कोपऱ्यात थंडी. "कडक." "बरी." "ढग." बस, एवढंच. मी शिकलेला, म्हणून नाशिकहून कमाल-किमान तापमापक आणला. दोन नळ्यांचा, बारीक सुया असलेला, ज्या रोज चुंबकाने खाली ओढून ठेवायच्या असतात. तो लावला घराच्या मागच्या भिंतीला, पत्र्याच्या आडोशाला. दोन वर्षं रोज सकाळी मी आकडे लिहिले. कुंदेवाडी ६ सांगायची तेव्हा माझा ९ किंवा १० दाखवायचा. मी गावभर सांगत फिरलो की केंद्राचा तापमापक बिघडलाय. एकदा ओळखीचे कृषी सहायक घरी चहाला आले. त्यांनी तापमापक बघितला, भिंतीपलीकडे डोकावून बघितलं आणि म्हणाले, "भाऊ, पलीकडे गोठा आहे ना? तुम्ही दोन वर्षं म्हशींचं तापमान लिहिताय."

अण्णा हसले नाहीत. ते फक्त म्हणाले, "माझं 'कडक' बरोबर होतं."

तर आकडा कुठे मोजला, जमिनीपासून किती वर, आडोशाला की मोकळ्यावर, यावर सगळा खेळ असतो. महाबळेश्वरची बातमी आठवा. दर दोन-तीन वर्षांनी वेण्णा तलावाच्या बोटींच्या धक्क्यावर, गाड्यांच्या टपावर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर दव गोठलेलं दिसतं आणि 'पारा शून्यावर' म्हणून मथळा येतो. त्याच सकाळी वेधशाळेचं किमान तापमान बघितलं तर आठ-दहा अंशांच्या आसपास निघतं. मग दोन्हीकडचे लोक भांडतात. खरं तर दोघंही बरोबर असतात. वेधशाळेचा तापमापक पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून चारेक फुटांवर असतो. पान आणि गवत उघड्या आभाळाखाली असतात, ते हवेपेक्षाही जास्त थंड होतात. हरभऱ्याच्या शेंड्याला विचारा, पेटीतल्या आकड्याशी त्याला काही देणंघेणं नसतं.

'लाट' या शब्दाचंही तेच. हवामान खात्याचा हिशेब साधा आहे. मैदानी भागात किमान तापमान १० किंवा त्याखाली आणि नेहमीच्या सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी कमी, तर थंडीची लाट. किनारपट्टीला १०च्या जागी १५ धरतात. मैदानात पारा थेट ४वर आला तर सरासरी बघायचं कामच नाही. टीव्हीवाल्यांची लाट मात्र स्वेटर दिसला की येते.

विक्रमांचंच बोलायचं तर मला त्यांची एक गंमत वाटते. नाशिकचा नीचांक ०.६ अंश, ७ जानेवारी १९४५चा. पुण्याचा १.७, १७ जानेवारी १९३५चा. मुंबईत सांताक्रूझचा ७.४, २७ जानेवारी १९६२चा. म्हणजे आमच्या पिढीने 'अशी थंडी पाहिली नव्हती बुवा' म्हणताना आजोबांना विचारून घ्यावं. पण नागपूर बघा. तिथला ३.९चा विक्रम १९३७च्या जानेवारीपासून बसला होता, तो मोडला २९ डिसेंबर २०१८ला, ३.५वर. त्याच आठवड्यात आमच्या कुंदेवाडीला १.८ होता. जग तापतंय म्हणून रोज ऐकतो आणि ऐंशी वर्षांचा थंडीचा विक्रम आपल्या डोळ्यांदेखत मोडतो! यावरून आमच्या पारावर दोन दिवस वाद झाला. "कसलं तापतंय? बोटं वाकत नाहीत इथं!" असं म्हणणारा एक गट, आणि मोबाइलवर आलेख दाखवणारी पोरं दुसरीकडे. माझं मत, एका पहाटेवरून दोन्ही बाजूंनी काही सिद्ध होत नाही. मात्र फेब्रुवारीचे आकडे मला जास्त टोचतात. २०२३च्या फेब्रुवारीत देशाचं सरासरी कमाल तापमान २९.५४ अंश होतं, १९०१पासूनच्या नोंदीत सर्वांत जास्त. दोनच वर्षांनी, २०२५च्या फेब्रुवारीत, दिवसरात्र मिळून देशाची सरासरी २२.०४ अंश भरली, तीही १९०१पासूनची सर्वांत जास्त. हे आकडे एका पहाटेचे नाहीत, अख्ख्या महिन्याचे आहेत. गहू चिकात, म्हणजे दाणा दुधाळ असताना ऊन तापलं की दाणा बारीक पडतो. त्याची बातमी होत नाही, कारण त्यात शेकोटीचा फोटो नसतो.

आता मुद्द्यावर येतो. थंडी आमची वैरी नाही. कुणी तसं समजू नका. गव्हाला, हरभऱ्याला, उन्हाळ कांद्याला थंडी हवीच. द्राक्षालासुद्धा सरळ, कोरडी, ठरलेल्या चालीने वाढत जाणारी थंडी परवडते. मण्याची फुगवण मंदावते, मग पहाटे ठिबक सोडायचं. विहिरीचं पाणी कोमट असतं, मुळांना तेवढाच आधार. बांधावर ओला पाला जाळून धूर धरायचा. हे सगळं आम्हाला येतं, आमच्या बापांनाही येत होतं. त्रास आहे तो झोक्याचा. चार दिवस ७ अंश, मग अचानक ढग येऊन रात्रीचं १८, मग पुन्हा ८. मण्यात पाणी उतरायच्या वेळी, म्हणजे मणी मऊ-गोड व्हायला लागतात तेव्हा, दिवसरात्रीतली तफावत वाढली की थॉम्पसन जातीचे हिरवे मणी गुलाबी पडतात, त्याला आम्ही पिंक बेरीच म्हणतो. खायला गोड असतात, पण निर्यातीला नापास. त्यासाठी घडाघडाला कागद गुंडाळावा लागतो. जुन्या वर्तमानपत्रांची रद्दी या महिन्यात आमच्याकडे भावाने विकली जाते. गेल्या हंगामात एका घडाला बांधलेलं पान उलगडलं तर मथळा होता 'निफाड गारठले'. बायको म्हणाली, "बघा, कामाला तरी आलं."

आणि ढग आले की भुरी. वरून शिंतोडे पडले की डावणी. दोन्ही बुरशीचे रोग. फुलोऱ्यात पाऊस लागला तर गळ आणि कूज, मणी भरल्यावर लागला तर तडे. दरवेळी पंपात औषध घालून ट्रॅक्टर बागेत. थंडीत एक रुपया जात असेल तर ढगात दहा जातात. हा माझा हिशेब, कुठल्या अहवालातला नाही.

२६ नोव्हेंबर २०२३. रविवार होता, त्रिपुरारी पौर्णिमेच्या तोंडावरचा. आई अंगणात पणत्यांच्या वाती वळत बसली होती. दुपारपासून आभाळ असं काही काळंनिळं झालं होतं की कोंबड्या लवकर खुराड्यात गेल्या. आधी वारा आला, मग पत्र्यावर एक 'टण्ण' झालं. मग दुसरं. मग मोजता येईना. बोरापासून लिंबाएवढ्या गारा. पंधरा-वीस मिनिटं असेल, पण मी पडवीत खांबाला धरून उभा होतो आणि बागेकडे बघायची हिंमत होत नव्हती. थांबल्यावर आत गेलो तर सरीत पांढरा थर, त्यावर हिरव्या पानांच्या चिंध्या, आणि घडांवर एका बाजूचे मणी फुटलेले. फक्त एका बाजूचे, ज्या बाजूने वारा होता त्या. दुसऱ्या बाजूने पाहिलं तर बाग शाबूत दिसायची. दोन दिवसांनी आंबूस वास सुटला. काडीलाही मार बसला होता, म्हणजे पुढच्या वर्षाचं पीकही त्या वीस मिनिटांत गेलं. हे लोकांना पटत नाही, सांगूनही. आईने वळलेल्या वाती डब्यात घालून ठेवल्या. त्या संध्याकाळी दिवा लावला तो देवापाशी, एकच.

हे होतं कसं, तर वरून उत्तरेकडून येणारी कोरडी गार हवा आणि खालून अरबी समुद्र-बंगालच्या उपसागरातलं बाष्प यांची गाठ आपल्या डोक्यावर पडते. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात हिमालयात बर्फ टाकून जातात आणि त्यांची शेपटी कधीकधी इथवर लोळते. उत्तरेचे वारे मोकळे आले तर थंडी, समुद्राने दार अडवलं तर ढग. एवढ्यावर आमचं वर्ष टांगलेलं असतं.

आमचंच रडगाणं लावतो असं नको. २०२१च्या डिसेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत पाऊस आणि गारठा एकदम आला, तेव्हा जुन्नर-आंबेगाव आणि नगर भागात हजारो मेंढ्या उघड्या माळावर भिजून, काकडून मेल्या. मेंढपाळाला ना गोठा ना पत्रा, त्याची लोकर ओली झाली की संपलं. त्याआधी २०१७ला ओखी वादळामुळे ५ डिसेंबरला मुंबईत शाळा बंद ठेवल्या होत्या आणि महापरिनिर्वाण दिनासाठी शिवाजी पार्कला आलेल्या माणसांना पावसापासून निवारा शोधावा लागला होता. कोकणातल्या माझ्या मित्राचं दुखणं आणखी निराळं. थंडी आलीच नाही तर हापूसला मोहोर नाही, आणि थंडी लांबली तर पुन्हा मोहोर फुटतो आणि आधीची कैरी गळते. "आम्हाला थंडी हवी, पण मापात" असं तो म्हणतो, जसं काही दुकानात मिळते. आणि २०२२च्या जानेवारीत पाकिस्तानाकडून उडालेल्या धुळीने मुंबई-पुण्याच्या गाड्या पांढऱ्या केल्या होत्या, आठवतंय? तोही हिवाळाच.

बरं, सरकारी कागदावर हिवाळा म्हणजे जानेवारी-फेब्रुवारी, दोनच महिने. ऑक्टोबर ते डिसेंबर हा 'मान्सूनोत्तर' काळ. म्हणजे आमची गारपीट हिवाळ्यात झालीच नाही म्हणा ना.

पावसाच्या मोजणीतही आमचं असंच होतं. फळपीक विम्याचा निकष महसूल मंडळाच्या हवामान केंद्रावर ठरतो. ते केंद्र माझ्या बागेपासून लांब आहे. एका वर्षी माझ्याकडे पन्हाळी वाहिल्या आणि तिथे नुसतं शिंपडून गेलं. कागदावर पाऊस झाला नाही, म्हणून मलाही झाला नाही. विम्याचं काम बघणारा समोरचा माणूस चांगला होता, तो म्हणाला, "तुमच्याकडे काही नोंद आहे का?" माझ्याकडे अण्णांचं कालनिर्णय होतं, त्यात लिहिलं होतं, "जोरात." त्याने ते हातात घेतलं, वाचलं आणि परत दिलं.

तेव्हापासून बागेत मोकळ्या जागी खांब रोवून पर्जन्यमापक बसवलाय. तापमापकही तिथेच, पांढऱ्या पेटीत, चार फुटांवर. रोज सकाळी साडेआठला मोजतो, कारण हवामान खातंही पावसाचा दिवस साडेआठलाच बदलतं. आज किमान १६.५ होतं. आभाळ भरलंय, उद्या भुरीचा फवारा काढावा लागणार. मेव्हणा शनिवारी येतोय, त्याला अजून सांगितलं नाही की थंडी गेली.

आपल्या भागातल्या कुणाकडे २०१८च्या डिसेंबरमधल्या त्या आठवड्याच्या स्वतः ठेवलेल्या नोंदी असतील तर कॉमेंटमध्ये फोटो टाका. वहीतल्या, कॅलेंडरवरच्या, कशाही चालतील. फक्त गाडीच्या डॅशबोर्डवरच्या आणि गोठ्याच्या भिंतीवरच्या नकोत.