डीपी तिनंच का काढायचा?

सोलापुरात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या माझ्या भाचीच्या नावानं कुणीतरी खोटं इन्स्टाग्राम अकाउंट काढलं, तिचा गड्ड्याच्या जत्रेतला फोटो लावला आणि वर्गातल्या मुलांना घाणेरडे मेसेज पाठवले. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मामांचा निकाल पाच मिनिटांत लागला: "मुलींनी फोटो टाकायचेच कशाला? आधी तिचा डीपी काढा." खाली अकरा अंगठे. कोणाकोणाचे, ते मी ट्राममध्ये बसून एकेक करून पाहिलं. माझ्या दोन्ही वहिन्या त्यात होत्या. अकाउंट काढणारा कोण, हे एकानंही विचारलं नाही.

मी मेलबर्नमध्ये एका विद्यापीठाच्या विद्यार्थी मदत कक्षात काम करते. इथल्या 2021च्या ऑनलाइन सुरक्षा कायद्यानुसार गंभीर त्रास होत असेल तर आधी कंपनीकडे तक्रार करायची. 48 तासांत मजकूर हलला नाही, तर ऑनलाइन सुरक्षेसाठी सरकारनं नेमलेल्या ई-सेफ्टी आयुक्तांकडे जायचं. त्यांची नोटीस गेली की 24 तासांत तो उतरवावा लागतो. त्यातली एक तरतूद मला फार मोलाची वाटते. धर्मामुळे किंवा संस्कृतीमुळे जी बाई बाहेर कायम डोकं झाकते, तिचा घरातला उघड्या डोक्याचा फोटो तिला न विचारता टाकला, तर तोही नग्न फोटोसारखाच खासगी धरतात. अब्रू कशात आहे, हे जिचं तिला ठरवू दिलंय.

कायदे आपल्याकडेही आहेत. बाईवर इंटरनेटवरून पाळत ठेवणाऱ्या पुरुषाला भारतीय न्याय संहितेचं कलम 78 लागतं. सरकारच्या सायबर पोर्टलवर बायकांना नाव न सांगता तक्रार करता येते. पण पोर्टलच्या आधी घराचा उंबरा लागतो, तिथंच पोरी अडतात. मुलांचं तर कुणी मनावरच घेत नाही. माझ्या पुतण्याच्या बोलण्याच्या ढबीवरून 'बायल्या' म्हणून स्टिकर बनवले, होस्टेलच्या ग्रुपवर फिरवले. त्याचे वडील म्हणाले, "पोरांची गंमत असते." तो सेमिस्टरभर मेसला जेवायला गेला नाही. कलम 78 मध्ये तो बसतच नाही.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. मामांचं उत्तर आलं, "तिकडं बसून आम्हाला शिकवू नकोस." लागलं मला. कारण इथली मुलगी माझ्याकडे येताना आईला सोबत आणते, आणि आपल्याकडची, मराठी असो की तेलुगू, आधी दार लावून घेते आणि विचारते, "घरी कळणार नाही ना?"

2007 साली ऑर्कुट या तेव्हाच्या सोशल साइटवर माझंही असंच खोटं प्रोफाइल निघालं होतं. सोलापुरात सात रस्ता चौकाजवळच्या सायबर कॅफेत ओढणीनं तोंड बांधून मी रोज ते बघायला जायचे. घरी सांगितलं असतं तर कॉलेज बंद आणि स्थळं सुरू. परदेशी जायचं मी त्याच महिन्यात ठरवलं. विचारणाऱ्यांना आजही सांगते, करिअरसाठी आले.

ग्रुपवर बोभाटा व्हायच्या आधी भाचीनं मलाच फोन केला होता. इथं पहाटेचे चार. ती रडत होती. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या लेकींना वाट दाखवणाऱ्या माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "ताईला इतक्यात सांगू नकोस."

"मावशी, आई इथंच बसलीये," ती म्हणाली. "उद्या आम्ही दोघी तक्रार द्यायला जातोय."