‘चार तासांचे काम, दोन दिवस लावले’ या अभिप्रायास दुकानातर्फे उत्तर

महोदय, सप्रेम नमस्कार.

आपण आमच्या दुकानाला एक तारा देऊन लिहिले आहे की, लॅपटॉपची 1 टीबीची जुनी हार्ड डिस्क क्लोन करून (म्हणजे तिची जशीच्या तशी प्रत काढून) नवी 512 जीबीची एसएसडी बसवण्यासाठी शनिवारी सकाळी दिली, सायंकाळी पाच वाजता मिळेल असे सांगितले गेले, फोन कोणी उचलला नाही, लॅपटॉप सोमवारी दुपारी मिळाला आणि ‘नुसत्या कॉपी-पेस्टचे’ पंधराशे रुपये घेतले गेले. शनिवारी आपले तीन फोन आले आणि एकही उचलला गेला नाही, हे खरे आहे. त्याबद्दल मी मनापासून दिलगिरी व्यक्त करतो. डिस्क तपासण्याआधीच मी पाचची वेळ सांगून मोकळा झालो, हीसुद्धा माझीच घाई. परंतु ‘दोन दिवस लॅपटॉप नुसता टेबलावर पडून होता’ हे आपले वाक्य मला मुकाट्याने सोडून देता येत नाही, कारण रविवारी आमची साप्ताहिक सुटी असूनही त्या एका डिस्कसाठी मी दोनदा दुकान उघडले होते.

निरोगी हार्ड डिस्क सेकंदाला साधारण 100 एमबी या वेगाने वाचली जाते. त्या हिशेबाने 1 टीबीला पावणेतीन तास लागतात. पाचची वेळ मी याच हिशेबावर दिली होती. पहिल्या दोन तासांत निम्म्याहून अधिक काम झालेही. त्यानंतर वेग एकदम केबीवर आला. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी नोंद ठेवते, त्या ‘स्मार्ट’ अहवालात ‘पेंडिंग’ सेक्टरांचा (डिस्कवरील साठवणीच्या संशयित कप्प्यांचा) आकडा वाढत होता, म्हणजे डिस्कला तिथला मजकूर नीट वाचता येत नव्हता. अशा एकेका सेक्टरपाशी डिस्क पुनःपुन्हा वाचण्याचा प्रयत्न करते आणि त्यात कित्येक सेकंद जातात. असे सेक्टर हजारांनी असले की तासांचे दिवस होतात. महिनाभरापासून आतून टकटक आवाज येत असल्याचे आपण सोमवारी, लॅपटॉप नेताना बोलता बोलता सांगितलेत. शनिवारी सांगितले असते, तर मी पाचची वेळ दिलीच नसती.

अशा वेळी साधे क्लोनिंगचे सॉफ्टवेअर त्रुटीचा संदेश देऊन थांबते. म्हणून आम्ही खराब डिस्कवरचा मजकूर वाचवणारे डीडीरेस्क्यू हे सॉफ्टवेअर वापरले. ते आधी चांगला भाग भराभर उचलते, अवघड जागा बाजूला ठेवते आणि मग त्यांच्याकडे परत वळते. कुठपर्यंत काम झाले त्याची नोंदही ते ठेवते, त्यामुळे शनिवारी रात्री पावसात वीज गेली आणि यूपीएसनेही दम सोडला, तरी रविवारी सकाळी येऊन काम सोडले तिथूनच पुढे चालू करता आले. त्यातही एक अडचण होती. खराब डिस्क थेट लहान एसएसडीवर उतरवता येत नाही, म्हणून ती प्रथम आमच्या पदरच्या 1 टीबी डिस्कवर घेतली, त्या प्रतीवर (मूळ डिस्कवर नव्हे) फाइल सिस्टिमची (फायलींच्या मांडणीची) दुरुस्ती केली, पार्टिशन (डिस्कचा विभाग) आकुंचित केले आणि सोमवारी सकाळी दुसऱ्यांदा क्लोन करून एसएसडीवर आणले. हा शेवटचा टप्पा तासाभराचा होता. आपल्या शेजारच्या ऑफिसातील मुलगा ‘हे काम वीस मिनिटांत करतो’ असे आपण लिहिले आहे. निरोगी एसएसडीवरून दुसऱ्या एसएसडीवर शंभर-दीडशे जीबी वीस मिनिटांत जातातही. त्या मुलाबद्दल माझी काहीच तक्रार नाही, पण त्याच्यासमोर ही डिस्क नव्हती.

आता ‘कॉपी-पेस्ट’विषयी. फोल्डर उचलून दुसरीकडे ठेवल्याने फोटो आणि फायली जातात, विंडोज जात नाही. संगणक ज्या छोट्या ईएफआय पार्टिशनवरून सुरू होतो, ते आपल्याला एरवी दिसतही नाही; क्लोनमध्ये तेही जाते. आपण सोमवारी लॅपटॉप उघडलात तेव्हा आपले हिशेबाचे सॉफ्टवेअर, डिजिटल स्वाक्षरीचा ड्रायव्हर, मराठी फॉन्ट, प्रिंटर आणि जुन्या ईमेलची पूर्ण फाइल होती तशीच जागेवर होती, आणि विंडोजने पुन्हा परवाना मागितला नाही. (एखाद्या सॉफ्टवेअरचा परवाना डिस्कच्या अनुक्रमांकाशी बांधलेला असेल, तर तेवढे पुन्हा नोंदवावे लागते. आपल्याकडे तसे काही निघाले नाही.) विंडोज नव्याने टाकले असते तर आमचे काम दोन तासांत संपले असते, बिलही कमी झाले असते, मग आपण पुढचा आठवडा पासवर्ड आणि सेटअप फायली शोधण्यात घालवला असता. लॅपटॉप सुरू व्हायला पूर्वी चार-पाच मिनिटे लागत, आता अर्धे मिनिटही लागत नाही, हे आपण काउंटरवर स्वतः म्हणालात. अभिप्रायात त्याचा एका शब्दानेही उल्लेख नसावा, याचे वाईट वाटले.

क्लोन म्हणजे जादू नव्हे, हेही सांगतो. जे वाचताच आले नाही ते नव्या डिस्कवर येत नाही. अशा सात फायलींची यादी मी बिलाला टाचून दिली आहे, ती कृपया पाहावी. शिवाय क्लोन म्हणजे नेहमीचा बॅकअप नव्हे. सोमवारनंतर केलेल्या कामाची दुसरी प्रत त्यातून मिळत नाही, ती बाहेरच्या डिस्कवर वेगळी ठेवावी लागेल.

यापुढे डिस्कचा स्मार्ट अहवाल पाहिल्याशिवाय वेळ सांगणार नाही आणि उशीर होणार असेल तर फोन करण्याची व्यवस्था करत आहोत. पंधराशे रुपयांविषयी मात्र माझे म्हणणे बदललेले नाही. सोळा वर्षे याच गाळ्यात बसून हे काम करतो. नवीन गिऱ्हाईक आधी तारे पाहते आणि मग पायरी चढते, म्हणून इतके सविस्तर लिहावे लागले.

आपली जुनी डिस्क सोमवारच्या गडबडीत आमच्या काउंटरवरच राहिली आहे. ती पाकिटात घालून, त्यावर आपल्या बिलाचा क्रमांक लिहून, ड्रॉवरमध्ये ठेवली आहे. त्या सात फायलींपैकी एखादी फार महत्त्वाची असेल तर ती मिळण्याची उरलीसुरली आशा त्याच डिस्कमध्ये आहे. म्हणून ती कोणाकडूनही फॉरमॅट करून घेऊ नये आणि पुन्हा पुन्हा जोडूनही पाहू नये. रविवार सोडून कोणत्याही दिवशी रात्री आठपर्यंत येऊन घेऊन जावी.

आपला नम्र,
दुकानमालक