पन्नास राज्यं? कुठली ते सांगा

काल रात्री अकराला बहिणीचा फोन. "दादा, सोनं गहाण ठेवू का?" भाची सांगलीला ॲनेस्थेशिया टेक्नॉलॉजीच्या बीएस्सीला शेवटच्या वर्षात आहे, आणि घरच्या ग्रुपवर मेसेज आलेला: 'बीएस्सीवाल्यांना अमेरिकेत थेट संधी! एक परीक्षा द्या, ॲनेस्थेशिऑलॉजिस्ट असिस्टंट व्हा. पन्नासही राज्यांत स्वतंत्रपणे भूल द्या. पगार दीड कोटी.' खाली रजिस्ट्रेशन फी. पाठवणारे आमचे दाजीच. घरात भूलतज्ज्ञ असताना एक फोन करायला काय झालं होतं?

पन्नास राज्यं हे धादांत खोटं. ॲनेस्थेशिऑलॉजिस्ट असिस्टंट म्हणजे भूलतज्ज्ञाच्या हाताखाली भूल देणारा सहायक. त्याला काम करू देणाऱ्या राज्यांची ओहायो, जॉर्जिया, फ्लोरिडा, मिसुरी, कोलोरॅडो अशी यादी सुरू होते आणि वीस-बावीसच्या पुढे फारशी जात नाही. नेवाडाने कायदा केला २०२३ मध्ये, वॉशिंग्टनने २०२४ मध्ये. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क यादीत नाहीतच. 'टेक्सासमध्ये लायसन्सच लागत नाही' हेही मेसेजात आहे. ते अर्धं खरं. तिथे डॉक्टर आपल्या अधिकारातलं काम सोपवतो आणि असिस्टंट ते करतो. पण शिक्षणाशिवाय कुठलं हॉस्पिटल उभं करेल?

आणि खरी फसवणूक शिक्षणातच आहे. मेडिकेअर ही तिथली सरकारी आरोग्य विमा योजना. असिस्टंट कुणाला म्हणायचं, हे तिच्या नियमात लिहिलंय: मेडिकल कॉलेजशी जोडलेला मान्यताप्राप्त कोर्स, तोही प्री-मेडिकल विज्ञानाच्या पदवीनंतर साधारण दोन वर्षांचा. राज्याच्या कायद्याचं पालन. आणि काम भूलतज्ज्ञाच्या देखरेखीखाली. हे कोर्स अमेरिकेतच आहेत आणि सर्टिफिकेशनची परीक्षा ते पूर्ण करणाऱ्यांसाठी आहे. आपली बीएस्सी दाखवून त्या परीक्षेला बसता येत नाही. म्हणजे आधी तिथली ॲडमिशन, तिथली फी, व्हिसा. यातलं एक अक्षर मेसेजात नाही.

'स्वतंत्रपणे' या शब्दावर वेगळं काय बोलायचं? वरचा नियमच पुरे. भाची रोज सकाळी घशात बघायच्या लॅरिंगोस्कोपचा दिवा लागतो का बघते, सक्शन तपासते, श्वासनलिकेत घालायची साडेसात नंबरची ट्यूब काढून ठेवते. ती हुशार आहे. पण स्नायू सैल करायचं औषध गेलं, पेशंटचा श्वास थांबला आणि ट्यूब जाईना, की हातात मोजकी मिनिटं असतात. त्या मिनिटांत निर्णय कुणी घ्यायचा, यासाठीच तिथे भूलतज्ज्ञाची अट आहे. तिथल्या प्रशिक्षित असिस्टंटलाही ती सुटत नाही.

पगार? तो, नाइलाजाने, मान्य. दीड लाख डॉलरच्या वर मिळतात. त्या कोर्समधून गेलेल्यांना.

सकाळी बहिणीने त्या नंबरवर एवढंच विचारलं, 'राज्य कुठलं?' उत्तर आलं: 'आधी फी भरा मॅडम, राज्य नंतर निवडता येईल.'