दमदाटीशिवाय टोकाला पोचता येत नाही? एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं की राजकारणात सगळ्यात वर पोचायला माणूस दंडेली करणाराच असावा लागतो ही समजूत खरी नाही. त्यावर एका वाचकांनी सडकून कमेंट केलीय, खाली नाव नाही, नुसतं 'एक जुना वाचक'. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की हे सगळं पुस्तकी आहे, दहा जणांना दमात घेतल्याशिवाय इथे साधा नगरसेवक होता येत नाही, अमेरिकेचा अध्यक्ष लिंडन जॉन्सन बघा, ट्रम्प बघा, आपल्याकडे इंदिराबाई बघा, आणि यशवंतराव चव्हाण सभ्य राहिले म्हणून तर त्यांचं पंतप्रधानपद हुकलं. शेवटी त्यांनी लिहिलंय की माझा पुतण्या ग्रामपंचायतीला उभं राहायचं म्हणतोय, मी त्याला सरळ नको सांगितलं, त्याच्या अंगात ती दंडेली नाही. हे शेवटचं वाचल्यावर कमेंटखाली दोन ओळी टाकून मोकळं होणं काही पटेना, म्हणून ही वेगळी पोस्ट.

दादा, तुमचं जे बरोबर आहे ते आधी. खाली दमदाटी चालते, रोज चालते. फॉर्म मागे घ्यायच्या दिवशी तहसील कचेरीबाहेर गाड्या लावून उभी असलेली पोरं, टेंडर भरणाऱ्याला आदल्या रात्री आलेला फोन, 'बिनविरोध'च्या बॅनरमागे काय काय घडलेलं असतं, हे ज्याने तालुक्याचं राजकारण जवळून बघितलंय त्याला नव्याने सांगायला नको. पण यावरून तुम्ही जे काढताय, की जितकं वर जाल तितकी दंडेली जास्त लागते, तिथे माझं तुमच्याशी जमत नाही. वरची खुर्ची कुणाच्या हातात असते ते बघा ना. तिथे ठरवणारे असतात तुमच्याच तोडीचे वीस-पन्नास लोक, त्यातल्या निम्म्यांना ती खुर्ची स्वतःलाच हवी असते, आणि आपल्याला मिळत नाही म्हटल्यावर कुणाला द्यावी हे ठरवताना प्रत्येक जण मनात एकच हिशेब करतो की उद्या हा माझं काय करेल. ज्याची धास्ती वाटते त्याच्यासाठी हात वर जात नाही.

1964 चंच घ्या. 27 मेला नेहरू गेले. सिनिऑरिटीने बघितलं तर मोरारजी देसाई पुढे होते, मुंबई राज्याचे मुख्यमंत्री राहिलेले, केंद्रात अर्थमंत्री राहिलेले, त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल विरोधकही शंका घेत नव्हते. पण हा माणूस एकदा ठरवलं की कुणाचं ऐकत नाही, हे सगळ्या पार्टीला माहीत होतं, आपल्याकडे तर संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलकांवर 1955-56 मध्ये झालेल्या गोळीबारामुळे ते घराघरात माहीत होतं. कामराज काँग्रेस पार्टीचे अध्यक्ष, त्यांनी खासदारांना, मुख्यमंत्र्यांना एकेकाला विचारलं, आणि नाव आलं लालबहादूर शास्त्रींचं. ज्या माणसाने रेल्वे अपघातानंतर स्वतःहून मंत्रिपद सोडलं होतं, ज्याचा आवाज कधी चढलेला कुणी ऐकला नव्हता, तो माणूस 9 जूनला पंतप्रधान झाला.

दीड वर्षात शास्त्री ताश्कंदला वारले आणि परत तोच पेच. या वेळी मोरारजींनी मतदान मागितलं, जानेवारी 1966 मध्ये ते झालं, इंदिरा गांधी 355, मोरारजी 169. तुम्ही इंदिराबाईंचं उदाहरण दंडेलीसाठी देताय, पण त्या दिवशी त्यांना मतं का पडली ते आठवा. सिंडिकेटच्या, म्हणजे काँग्रेसची सूत्रं हलवणाऱ्या, जुन्या पुढाऱ्यांना वाटत होतं की ही आपल्या मुठीत राहील. समाजवादी नेते लोहिया त्यांना 'गूंगी गुडिया' म्हणायचे. म्हणजे वर जाताना त्यांच्या कामाला आली ती त्यांची धास्ती न वाटणं. 1969 ची फूट, 1975 ची आणीबाणी हे सगळं खुर्चीवर बसल्यानंतरचं आहे, आणि सत्ता मिळाल्यावर माणसाचं काय होतं हा फार मोठा प्रश्न आहे, पण तुम्ही विचारलेला तो नाही. तुम्ही विचारताय पोचायला काय लागतं.

आता जॉन्सन, तुमचं सगळ्यात जड उदाहरण. खरंय, समोरच्याच्या नाकाला नाक लावून उभा राहायचा, कोटाची कॉलर धरायचा, ऑफिसातल्या लोकांना बाथरूममध्ये बोलावून डिक्टेशन द्यायचा, माणसांचा पाणउतारा करण्यात त्याचा हात धरणारा सिनेटमध्ये, म्हणजे त्यांच्या संसदेच्या वरच्या सभागृहात, कुणी नव्हता. पण तो सिनेटमध्ये वर कसा आला? जॉर्जियाचे रिचर्ड रसेल तिथले सगळ्यात वजनदार सिनेटर, एकटे राहायचे, तर जॉन्सन त्यांना रविवारी घरी बोलवायचा, अगदी मुलासारखा त्यांच्या मागेपुढे असायचा. 1953 मध्ये पहिल्याच टर्मला तो सिनेटमधल्या डेमोक्रॅटिक पार्टीचा नेता झाला तो या ज्येष्ठांच्या आशीर्वादाने. दम खालच्यांना, वरच्यांपुढे नुसती सेवा. आणि जेव्हा खरंच सर्वोच्च पदाची वेळ आली, 1960 मध्ये अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणाऱ्या पार्टीच्या लॉस एंजेलिसच्या अधिवेशनात, तेव्हा सिनेटच्या या दादा माणसाला 409 मतं आणि केनेडीला 806, पहिल्याच फेरीत खेळ संपला. सिनेटच्या चार भिंतींमध्ये जे चालत होतं ते राज्याराज्यांतून आलेल्या प्रतिनिधींवर चाललं नाही, कारण त्यांचं कमिटीवरचं पद किंवा बिल याच्या हातात नव्हतं. पुढे तो अध्यक्ष झाला तो केनेडींचा खून झाला म्हणून. 1964 चा नागरी हक्क कायदा त्याने रेटून पास करून घेतला, त्यात त्याच्या त्या स्वभावाचा वाटा होता हे मी नाकारत नाही, ते काम थोर आहे. पण 'पोचायला दंडेली लागते' याचा पुरावा म्हणून जॉन्सन उभा राहत नाही.

ट्रम्पचं मात्र वेगळं आहे, आणि इथे तुमचा पॉइंट मला मान्य आहे, पण त्याचं कारण समजून घ्या. 2016 मध्ये रिपब्लिकन पार्टीतले सिनेटर, गव्हर्नर यांच्या हातात निवड असती तर तो कुठेच नव्हता. जाहीर पाठिंबा देणारे पहिले सिनेटर जेफ सेशन्स, तेही फेब्रुवारी संपता संपता. तिथे उमेदवार ठरवतात प्रायमरीतले, म्हणजे पक्षांतर्गत निवडणुकीतले मतदार, आणि टीव्हीवर मार्को रुबिओ या प्रतिस्पर्ध्याला 'लिटल मार्को' म्हणून हिणवलं तर त्याचा त्रास मतदाराला होत नाही, त्याला उलट मजा येते, हा आपल्या बाजूने भांडतोय असं वाटतं. जिथे निवडणारा माणूस आणि त्रास सोसणारा माणूस वेगवेगळे असतात तिथे दंडेली खपते. त्याच सेशन्सना पुढे अॅटर्नी जनरल करून, जाहीरपणे टोचून टोचून, 2018 मध्ये घालवलं. सोबत राहणाऱ्याला ती झळ बसली, मतदाराला नाही.

मला या सगळ्यात सर्वात जास्त आवडणारा माणूस म्हणजे क्लेमंट अॅटली, आपल्याला स्वातंत्र्य देणाऱ्या सरकारचा पंतप्रधान म्हणून आपण त्याला ओळखतो तेवढंच. बुटका, टक्कल पडलेला, बोलायला लागला तर एका शब्दात उत्तर. 1931 मध्ये मजूर पक्षाची अशी धूळधाण झाली की मोठे मोठे पडले आणि हा लंडनमधल्या लाइमहाउसमधून 551 मतांनी कसाबसा वाचला. 1935 मध्ये नेता झाला तेव्हा सगळ्यांना वाटलं तात्पुरता आहे. तो वीस वर्षं नेता राहिला. भोवती कोण होते, तर अर्नेस्ट बेव्हिन, गोदी कामगारांना संघटित करून वर आलेला धिप्पाड गडी, हर्बर्ट मॉरिसन, जो कायम त्याच्या खुर्चीवर डोळा ठेवून होता, आणि स्टॅफर्ड क्रिप्स, आपल्याकडे 1942 मध्ये मिशन घेऊन आलेले तेच. 1945 चा निकाल लागला, पक्षाला 393 जागा, आणि त्याच दिवशी मॉरिसन म्हणायला लागला की आधी नेत्याची निवडणूक घेऊ. बेव्हिनने अॅटलीला सांगितलं तू राजवाड्यावर जा, आणि हा बायकोने चालवलेल्या छोट्या गाडीतून गेला, राजाला भेटला, पंतप्रधान होऊनच आला. कुणावर ओरडला नाही, कुणाला धमकी नाही.

दोन वर्षांनी, सप्टेंबर 1947, देश आर्थिक संकटात, क्रिप्स त्याच्याकडे आले आणि तोंडावर म्हणाले की तुम्ही बाजूला व्हा, बेव्हिनला पंतप्रधान करू. आता विचार करा दादा, आपल्याकडच्या एखाद्या नेत्याच्या केबिनमध्ये हे झालं असतं तर! अॅटलीने ऐकून घेतलं, फोन उचलला, बेव्हिनला लावला, आणि विचारलं की स्टॅफर्ड इथे बसलेत, ते म्हणतात तुला माझं पद हवंय, खरं का? पलीकडून बेव्हिन म्हणाला अजिबात नाही. फोन ठेवला, आणि बंड करायला आलेल्या क्रिप्सना तिथल्या तिथे आर्थिक खात्याचं मोठं मंत्रिपद देऊ केलं. क्रिप्सनी ते घेतलं. विषय संपला. हाच अॅटली मंत्र्याला काढायचा तेव्हा सरळ सांगायचा की तुम्हाला हे काम झेपत नाही, एवढंच, पुढे स्पष्टीकरण नाही की समजूत घालणं नाही. माणूस मऊ नव्हता. पण त्याच्या केबिनमधून कुणी मान खाली घालून, घाम पुसत बाहेर आला नाही, आणि म्हणून एवढे तगडे लोक, एकमेकांचं तोंड न बघणारे, त्याच्या हाताखाली पाच वर्षांहून जास्त टिकले आणि 1948 मध्ये अख्ख्या देशाला फुकट दवाखाना मिळाला.

तुम्ही म्हणाल हे इंग्लंडचं झालं. मी जिल्हा परिषदेत वित्त विभागात नोकरी केलीय, एक अध्यक्ष असे बघितलेत की मीटिंगमध्ये ज्युनियर इंजिनिअरच्या अंगावर फाइल फेकायचे. एका पाणी योजनेच्या विहिरीला पाणी पुरणार नाही हे खात्यातल्या चौघांना माहीत होतं, चौघंही गप्प बसले, कारण सांगणाऱ्याचंच थोबाड फुटणार. टाकी बांधून झाली, पाइप पडले, आणि एप्रिलमध्ये गावात टँकर. पुढे अविश्वास ठराव आला तेव्हा विरोधकांनी मेंबर सहलीला नेले, त्यात यांच्या स्वतःच्या गटाचे निम्मे होते, आणि यांना ते बस निघून गेल्यावर कळलं. मला ती सहल काही आवडली नाही, पण आधी कानावर घालायला एक माणूस शिल्लक नव्हता हे मी डोळ्यांनी बघितलंय. 1977 मध्ये इंदिराबाईंनी निवडणूक जाहीर केली आणि स्वतः रायबरेलीत पडल्या, त्याच्याही मुळाशी मला हेच दिसतं, दीड वर्ष पेपरला सेन्सॉर, मग खरं सांगणार कोण?

यशवंतरावांबद्दल तुम्ही जे लिहिलंय ते मला सगळ्यात जास्त लागलं. 1 नोव्हेंबर 1956 ला द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले तेव्हा ते 43 वर्षांचे होते, अख्खा मराठी मुलूख त्यांच्यावर चिडलेला, अत्रे 'मराठा'तून रोज झोडपत होते. 30 नोव्हेंबर 1957 ला प्रतापगडावर शिवरायांच्या पुतळ्याचं अनावरण, नेहरू येणार, संयुक्त महाराष्ट्र समितीची प्रचंड निदर्शनं वाई-पसरणीच्या रस्त्यावर. गोळीबाराला जेमतेम दोन वर्षं होत होती. त्या दिवशी लोकांना काळे झेंडे घेऊन रस्त्याच्या कडेला उभं राहू दिलं, नेहरूंची गाडी त्यांच्यामधून गेली, आणि गोळी सुटली नाही. याला मी ताकद म्हणतो. पुढे शेकापचे, समितीचे लोक एकेक करून त्यांनी आपल्याकडे वळवले, त्याला आपण आजही बेरजेचं राजकारण म्हणतो, आणि महाराष्ट्रात ते त्याच जोरावर टोकाला पोचले.

दिल्लीत पंतप्रधानपद हुकलं, हो. पण ते सभ्यपणामुळे हुकलं हे मला मान्य नाही. 1969 मध्ये राष्ट्रपतिपदाचा उमेदवार ठरवताना त्यांनी सिंडिकेटबरोबर नीलम संजीव रेड्डींना मत दिलं आणि पार्टी फुटल्यावर इंदिराबाईंकडे राहिले, तेव्हा दोन्हीकडचा विश्वास गेला. 1979 मध्ये विरोधी पक्षनेता म्हणून मोरारजींच्या सरकारवर अविश्वास ठराव त्यांनीच आणला, सरकार गेलं, राष्ट्रपतींनी पहिलं बोलावणं यांनाच केलं, आणि आकडा जमला नाही. यात कमी पडला तो वेळेवर एका बाजूला पाय रोवून उभं राहण्याचा निर्धार. तो निर्धार शास्त्रींकडे होता, अॅटलीकडे होता, आणि त्यासाठी कुणाला शिव्या द्याव्या लागत नाहीत.

म्हणून पुतण्याबद्दल. त्याला उभं राहू द्या. सरपंच आता थेट गावातून निवडतात, तिथे पैसा आणि दहशत दोन्ही चालतं, मी खोटं सांगणार नाही. पण उपसरपंच मेंबरांतूनच होतो, आणि सात-नऊ-अकरा मेंबरांच्या बॉडीत सगळे ज्याच्याशी बोलू शकतात अशा पोराला फार किंमत असते. त्याला विचारा फक्त एवढंच, की भर ग्रामसभेत पॅनेलप्रमुखाने चुकीचं बिल पुढे केलं तर तू 'मी सही करणार नाही' एवढं शांतपणे म्हणू शकशील का. हो म्हणाला तर त्याला अडवू नका. आणि घरची घरपट्टी-पाणीपट्टी आधी भरून पावती जपून ठेवा, राखीव जागा असेल तर जात पडताळणीचं आत्ताच बघा, आणि निकाल लागल्यावर, जिंको की हरो, खर्चाचा हिशेब 30 दिवसांत तहसीलला द्यायला सांगा, निवडून आलेली चांगली चांगली पोरं तेवढ्यावरून अपात्र झालेली आहेत.