"तुम्हाला बरं, उन्हाळ्यात काही कामच नसेल"

परवा नात्यातल्या एक काकू दोन दिवस राहून गेल्या. निघताना अगदी मनापासून म्हणाल्या, "किती शांत आहे गं इथे! तुम्हाला बरं, उन्हाळ्यात काही कामच नसेल." त्यांच्या मनात काही वावगं नव्हतं. मीही हसून निरोप दिला. पण ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून आज लिहायला बसलेय. थोडं लांबेल.

आमचं घर डोंगरात, साधारण 2000 मीटर उंचीवर. दर 1000 मीटरला हवा सरासरी 6.5 अंशांनी थंड होत जाते. त्यामुळे खाली अंगाची लाही होत असते तेव्हा इथे पहाटे स्वेटर लागतो. पाहुण्यांना हा गारवा आवडतो. पण याच गारव्यामुळे वाढीचा हंगाम आखूड होतो. गवत वाढणार, कापलं जाणार, वाळणार, भाजीला फूल येणार, लाकूड सुकणार, हे सगळं तीन-चार महिन्यांत बसवायचं असतं. त्यात आठवडा हातचा गेला की तो थंडीत जनावरांच्या पोटात दिसतो.

दिवस सुरू होतो झऱ्यापासून. गोठ्याच्याही आधी. रात्रीतून जाळीवर पानं बसतात, गाळ येतो, कधी पाइपात हवा अडकते. पाइपला कान लावला की कळतं: पाणी सरळ वाहत असेल तर एकसारखी सळसळ येते, हवा असेल तर गुडगुड. मग सांधा सोडायचा, हवा जाऊ द्यायची, पुन्हा आवळायचा. तोवर हात बधिर झालेले असतात.

मी रोज बादली लावून वेळ मोजते. उन्हाळ्याच्या सुरुवातीला 20 लिटरची बादली एका मिनिटात भरत होती, आता चार मिनिटं लागतात. म्हणजे मिनिटाला 5 लिटर. ऐकायला ती करंगळीएवढी धार, पण 24 तासांचं पाणी धरलं तर 7200 लिटर होतं. म्हणून मी घरात भांडून आधी टाकी बांधून घेतली, पाहुण्यांची खोली नंतर. आजही मला तोच निर्णय बरोबर वाटतो. दुभती मोठी गाय उन्हाळ्यात दिवसाला 60 ते 100 लिटर पाणी सहज पिते. रात्रभर झऱ्याचं पाणी ओढ्यात सोडून दिवसा बादल्या वाहायच्या, यात कसलं शहाणपण?

मग धारा, शेण, गोठा झाडणं, जनावरं वर चरायला सोडणं. हे सगळ्यांना माहीत असतं, त्यावर जास्त लिहीत नाही.

खरा जीव अडकतो तो गवतात. कापायचं पहाटे, दव असताना. ओली काडी विळ्याखाली नीट कापली जाते, कोरडी वाकून निसटते. ऊन वर आलं की पसरायचं, दुपारी उलटायचं. आणि नजर सारखी आकाशाकडे. ऊन चढलं की उतार तापतात, दरीतली हवा वर चढायला लागते, आणि दुपारी दोन-तीनला शिखरावर ढग जमतात. सकाळचं निळंशार आकाश बघून निश्चिंत राहणाऱ्याचं गवत डोंगरात भिजतं.

तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे हेच झालं. पावसाच्या भीतीने गवत अर्धवट वाळलेलंच घाईने रचलं. आठवड्याभराने गंजीजवळून जाताना वास आला, करपलेल्या साखरेसारखा, गोडसर. मी कोपरापर्यंत हात आत खुपसला आणि झटकन मागे घेतला. आत इतकं तापलं होतं की हात ठेववेना. ओल्या गवतात सूक्ष्मजीव वाढतात, त्यातून उष्णता तयार होते, आणि गंजी इतकी दाट असते की ती बाहेर पडत नाही. बाहेरून ठिणगी न पडताही अशी गंजी पेटते. भरलेल्या बादल्या शेजारी ठेवून आम्ही ती रात्री उपसली, आई, मी आणि धाकटा भाऊ. निम्मं गवत काळं पडलं होतं. त्या थंडीत वैरण विकत आणावी लागली. तेव्हापासून मूठभर गवत पिळून बघितल्याशिवाय, गाठीपाशी नख मारून ओल तपासल्याशिवाय मी एक पेंढी आत जाऊ देत नाही.

सरपणाचंही तसंच. नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्मं पाणी असू शकतं. ते 20 टक्क्यांच्या खाली आलं तरच चूल नीट पेटते, नाहीतर विस्तवाची ऊब पाणी उडवण्यातच जाते आणि घरभर धूर. म्हणून फोडायचं, भिंतीपासून वीतभर लांब रचायचं, वरून झाकायचं पण बाजू उघड्या ठेवायच्या, म्हणजे वारा आरपार जातो. त्यात या उंचीवर पाणी 93 अंशांच्या आसपासच उकळतं. कुकर नसेल तर कडधान्य शिजता शिजत नाही. मोळीमागून मोळी जळते.

आता जे बोलायचंय ते. गेल्या वर्षी एक माहिती गोळा करणारी व्यक्ती दारात आली. मी डोक्यावरचा गवताचा भारा उतरवत होते. "आपण काय करता?" मी उत्तर द्यायच्या आत त्यांनी स्वतःच लिहून टाकलं: घरीच असतात. भारा अजून माझ्या पायाशी होता.

खरं तर हे कागदावर केव्हाच मान्य झालेलं आहे. 2013 मध्ये जिनिव्हाला श्रम सांख्यिकीतज्ज्ञांची 19 वी आंतरराष्ट्रीय परिषद झाली. तिच्या ठरावात स्वतःच्या घरासाठी पाणी आणणं, सरपण गोळा करणं, पिकं-जनावरं सांभाळणं हे 'काम' म्हणून नोंदवलंय. पगाराची नोकरी नसली तरी काम. पण हा ठराव आमच्या ओट्यापर्यंत पोचलेला नाही. घरातल्या माणसांच्या तोंडीही नाही. आई सत्तरीला आली, पहाटेपासून राबते, आणि कुणी विचारलं तर म्हणते, "मी काही नाही करत, बसून असते." हे ऐकलं की माझा जीव तुटतो.

मला कुणाची कीव नको आहे. डोंगर मला आवडतो, हे आयुष्य मी निवडलंय. माझं म्हणणं एवढंच की या कामाला काम म्हणा. आणि घरातल्या घरात ते वाटून घ्या. आमच्याकडे झऱ्याची पाळी आता लावलेली आहे: सोमवार-गुरुवार भाऊ, मंगळवार-शुक्रवार बाबा, बाकी मी. आईचं नाव मुद्दाम घातलं नाही. पहिले चार दिवस ती तरीही उठून निघत होती. पाचव्या दिवशी ती ओट्यावर बसून राहिली आणि पाइपातून टाकीत पाणी पडल्याचा आवाज आल्यावर आत गेली.

काकूंचा काल फोन आला, पुन्हा यायचं म्हणताहेत. मी त्यांना गवत कापणीच्या आठवड्यात बोलावलंय. पूर्ण बाह्यांचे जुने कपडे आणा म्हटलं, विळा मी धार लावून ठेवते.