कागद सोडणं आणि मागून येणारा उजेड: सरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया सावकाश वाचली. दोन ओळींत "धन्यवाद, मताचा आदर आहे" लिहून मोकळं होणं बरोबर वाटलं नाही, म्हणून हे सविस्तर उत्तर.

ज्यांनी मूळ लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पुलगाव-आर्वी पट्ट्यातल्या आमच्या गावात, बंद पडलेल्या जिनिंगच्या हॉलमध्ये, इथल्याच एका मुलीने तिच्या डिजिटल चित्रांचं एकटीचं प्रदर्शन मांडलंय. १६ चित्रं आहेत. प्रत्येक चित्र अर्धपारदर्शक फिल्मवर छापलेलं आणि मागून एलईडीने उजळलेलं. मी त्याचं मनापासून कौतुक केलं होतं. सरांनी शाळेत आयुष्यभर चित्रकला शिकवली आहे. त्यांचं म्हणणं असं: कॉम्प्युटरवर बटण दाबून केलेल्याला चित्र म्हणू नये, मागून दिवा लावला की जाहिरातीचा बोर्डही देखणा दिसतो, लाइन गेली की चित्रच जातं, मग ही कसली कला, आणि ज्या गावात शेतकऱ्याला ओलितासाठी दिवसा वीज मिळत नाही, तिथे ही रोषणाई शोभत नाही.

तुम्ही जलरंग शिकवलेत, म्हणून तिथूनच सुरू करतो. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला बसणाऱ्या पोराला पहिली ताकीद काय असते? पांढरा रंग फासू नको, कागद सोड, म्हणजे उजेडाच्या जागी तो कोराच राहू दे. कारण पारदर्शक जलरंगात उजेड रंगाच्या थरातून खाली जातो, पांढऱ्या कागदावर आपटतो आणि त्याच थरातून परत वर येतो. चित्राला जी चमक येते ती कागदाची. म्हणजे चांगलं जलरंगचित्र मागूनच उजळलेलं असतं. या मुलीने कागदाच्या जागी खरा दिवा ठेवला. फरक इतकाच की जलरंगात उजेड रंगातून दोनदा जातो आणि फिल्मवर तो शाईतून एकदाच जातो.

ऐकायला हा फरक बारीक वाटतो, पण सगळी मेहनत त्यातच आहे. साध्या कागदावर भरदार दिसणारी छपाई मागून उजेड आला की धुतल्यासारखी फिकी पडते. म्हणून फिल्मवर शाईचा थर जवळजवळ दुप्पट द्यावा लागतो. तो जास्त झाला तर सावल्या बुजतात, कमी झाला तर संध्याकाळचं आभाळ दुपारचं होतं. वरून पडद्यावर काढलेले सगळे रंग शाईत उतरतही नाहीत. फाल्गुनात आपल्याकडे पळस पेटतो, तो केशरी आठवा. पडद्यावर तो लाल आणि हिरव्या उजेडाच्या मिश्रणातून सहज मिळतो. छापायला गेलं की साध्या चार शायांमध्ये तो विटकरी तरी होतो, नाहीतर पिवळा तरी. तिने त्या चित्रात पळस तसाच मंद राहू दिला आणि मागचं रान आणखी करडं केलं, तेव्हा कुठे फुलं पेटली. शेजारचा रंग दाबून हवा तो रंग उचलायचा, हे तर तुमच्याच वर्गात शिकवलं जातं.

म्हणून "मागून दिवा लावला की काहीही छान दिसतं" हे मला पटत नाही. मागचा उजेड काही झाकत नाही. रेघ डगमगली असेल तर ती दिसते, दिव्याचे ठिपके एकसारखे पसरले नसतील तर चित्राच्या मधोमध डाग उठतो. जाहिरातीच्या बोर्डाला हे चालतं, कारण तो आपण मोटरसायकलवरून पाहतो. इथे माणसं चित्रापासून हातभर अंतरावर उभी होती.

आता एका चित्राबद्दल नीट लिहितो, कारण तुमच्या शेवटच्या मुद्द्याचं उत्तर मला त्यातच दिसतं. रात्रीच्या ओलिताचं चित्र आहे. हरभऱ्याचं वावर, थंडीचे दिवस. चौकटीचा बहुतेक भाग काळा. खालच्या कोपऱ्यात बॅटरीच्या उजेडाचा एक गोल, त्यात पाण्याचा दांड, चिखलात रुतलेली रबरी चप्पल आणि फावड्याचं पातं. माणूस दिसतच नाही, फक्त बॅटरी धरलेल्या मुठीची कड दिसते. उजळलेल्या चौकटीत काळा रंग सगळ्यांत अवघड, कारण कितीही शाई चढवली तरी मागचा उजेड झिरपतो आणि काळ्याचा राखाडी होतो. तिने फिल्मच्या मागे जाड काळा कागद कापून लावलाय, फक्त बॅटरीच्या गोलापुरती जागा मोकळी ठेवलीय. कागदाची कड कात्रीने सरळ कापलेली नाही, फाडलेली आहे. त्यामुळे उजेड एकदम तुटत नाही, हळूहळू अंधारात विरतो. बॅटरीचा उजेड वावरात असाच विरतो. हे काम हाताने केलेलं आहे, आणि ते कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये होत नाही.

त्या चित्रासमोर एक म्हातारे शेतकरी बराच वेळ उभे होते. शेवटी नातवाला म्हणाले, "पाय कुठं ठेवाचा ते पाह्यते तो. साप असते ना बावा." त्यांना हे कुणी समजावून सांगितलं नव्हतं.

सर, मोटर चालवायला लागणारी थ्री फेज वीज दिवसा न मिळण्याचा तुमचा राग रास्त आहे आणि तो माझाही आहे. डीपी, म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर, जळाली की आठवडा आठवडा वाट पाहणारं गाव आहे हे. पण तो राग या मुलीवर का? विजेचा हिशोबच करायचा तर करू. ३ बाय ४ फुटांच्या चौकटीला कडेने सव्वाचार मीटर एलईडी पट्टी लागते. मीटरला १० वॅट धरले तर एका चित्राला ४३ वॅट. १६ चित्रांचे मिळून ७०० वॅटही होत नाहीत. ५ एचपीची एक मोटर ३,७०० वॅटच्या वर ओढते. सगळं प्रदर्शन एका मोटरीच्या पाचव्या हिश्शाइतकीही वीज घेत नाही. आणि ज्या विषयावर तुम्ही चिडलात, तोच विषय तिने गावासमोर मांडलाय. हे चित्र नागपूरच्या गॅलरीत लागलं असतं तर लोकांनी त्याला सुंदर म्हटलं असतं. इथे लोकांना त्यात साप आठवला.

बटणाबद्दल. ती क्रिटा नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये, जुन्या टॅबलेटवर पेनाने काढते. शाळेच्या पोरांना तिने एका चित्राचे थर एकेक करून उघडून दाखवले: आधी नुसत्या रेघा, मग सपाट रंग, मग सावल्या, मग चिखलावरची चमक. चुकलेली रेघ पुसता येते हे खरं, पण पेन्सिलीलाही खोडरबर असतंच. डेव्हिड हॉकनी यांच्यासारख्या कॅनव्हासवर हयात घालवलेल्या चित्रकाराने सत्तरी ओलांडल्यावर आयफोन आणि आयपॅडवर चित्रं काढायला घेतली, आणि २०१० मध्ये पॅरिसला ती उजळ पडद्यांवरच मांडली. त्यांचं नाव घेतलं म्हणून आमच्या गावची मुलगी मोठी ठरत नाही. ज्या हाताला चित्र येतं तो हात साधन बदललं तरी लपत नाही, एवढंच मला म्हणायचंय.

लाइन गेली की चित्र जातं, हा मुद्दा मात्र मला बराच वेळ सोडत नव्हता. प्रदर्शनात एका संध्याकाळी खरंच लाइन गेली. लोकांनी मोबाइलचे टॉर्च चित्रांवर समोरून मारले, तर तिथे नुसती गढूळ, काळपट फिल्म. दुप्पट शाईचं हे असंच होणार, ती चित्रं समोरच्या उजेडासाठी केलेलीच नाहीत. पण दिव्यावर जगणारी चित्रं आपल्याकडे नवी नाहीत. कल्याणच्या महादेवराव पटवर्धनांनी १८९२ च्या सुमारास शांबरिक खरोलिकेचे खेळ सुरू केले. काचेवर हाताने रंगवलेल्या चित्रांतून दिव्याचा झोत पडद्यावर टाकायचा आणि पुराणातल्या कथा सांगायच्या. दिवा विझला की पडदा कोरा. आपल्या पूर्व विदर्भात वडशाकडची झाडीपट्टीची नाटकं रात्री सुरू होऊन पहाटे संपतात, सकाळी तिथे रिकामा मंडप असतो. त्यांना कमी दर्जाची कला म्हणायला तुम्हीही तयार होणार नाही.

टिकण्याचा प्रश्न मात्र वेगळा आहे, आणि तिथे तुम्ही बरोबर आहात. सतत उजेडात राहिल्याने शाई उडते, पट्ट्यांचे अॅडाप्टर जळतात. चित्र विकत घेणाऱ्याला याचं काय सांगणार, हे तिने ठरवायला हवं. मी तिला तसं बोललोय. आणखी एका बाबतीत तुमच्याशी सहमत आहे: वाघाचं ते मोठं चित्र, डोळे चमकणारं. पोरांनी तिथे सेल्फी काढले, पण ते चित्र रिसॉर्टच्या भिंतीवरही चाललं असतं. त्याला तुम्ही बोर्ड म्हणालात तर मी वाद घालणार नाही.

प्रदर्शन अजून रविवारपर्यंत आहे, संध्याकाळी सहा ते दहा. फोटो पाहून मत बनवू नका, फोटोत ही चित्रं सपाट होतात. तुम्ही आलात तर ती मुलगी चौकट उघडून मागचा फाडलेला कागदही दाखवेल, मी तिला विचारून ठेवलंय. तुमचं एखादं जुनं जलरंगचित्र सोबत आणा, तेही दिव्यासमोर धरून पाहू. तुम्ही कागद कुठे सोडलाय ते तिलाही पाहायचंय.